बाल्सममधला बुडबुडा

वर्तमानपत्राच्या कचेरीतल्या कूलरला काल नवा वाळा लावला. दुपारी बाराला पंप सुरू झाला, जाळीतून पाणी ठिबकायला लागलं आणि पहिल्या ओल्या झुळकेबरोबर तो वास आला. नागपुरात हा वास सगळ्यांना आवडतो. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत असताना कुठल्या तरी खिडकीतून वाळ्याचा वास आला की माणसं पाऊल हळू करतात. आमच्या टेबलावरचे सगळे काल दोन मिनिटं काम थांबवून बसले.

मला त्या वासानं राग येतो. ज्या तापमानाला हा राग पहिल्यांदा आला, त्याच तापमानाला दरवर्षी परत येतो. एप्रिलपासून वाळा काढून गच्चीवर टाकेपर्यंत टिकतो. बाकीचे महिने मी बऱ्या स्वभावाची बाई आहे, असं शेजारी बसणारे सांगतात.

ज्या सरांविषयी इथे लिहिणार आहे, त्यांचं नाव देणार नाही. वर्तमानपत्रात नाव गाळण्याची कारणं ठरलेली असतात. माणूस अल्पवयीन असतो, प्रकरण न्यायालयात असतं, किंवा नावाची खात्री झालेली नसते. इथे यातलं एकही लागू नाही. त्यांनी माझं नाव गाळलं होतं, म्हणून मी त्यांचं गाळते आहे.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. भूगर्भशास्त्राच्या एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष, आणि वर्गात मी एकटी मुलगी. प्रयोगशाळा म्हणजे एक लांब, उंच छताची खोली. पश्चिमेच्या खिडक्यांना वाळ्याचे पडदे आणि कोपऱ्यात पाण्याची बादली. नामदेवराव नावाचे परिचर दर अर्ध्या तासानं उठून मगानं पडद्यांवर पाणी मारत. पाणी पडताच आधी धुळीचा, मग मुळांचा वास येई. त्यात खडक घासायच्या कार्बोरंडमच्या ओल्या भुकटीचा वास आणि स्पिरिटच्या दिव्याचा वास मिसळे. त्याच्या वर तरंगत असे कॅनडा बाल्सम. हा एक झाडाचा डिंक. खडकाची चीप काचेला चिकटवायला तो तापवून वापरतात, आणि तापला की त्याला देवळातल्या धुपासारखा वास येतो.

फेब्रुवारीत वर्गाचा कॅम्प दरेकशाच्या डोंगरांत गेला होता. गोंदियाच्या पुढे हावड्याच्या रुळाला लागून ते डोंगर आहेत. सूचनाफलकावर माझ्यापुरती एक ओळ होती: ‘मुलींच्या निवासाची सोय नसल्याने त्यांनी विभागात थांबावे.’ मुली म्हणजे मी. अनेकवचन बहुधा आदरार्थी असावं. मुलं दहा दिवसांनी काळवंडून परतली. बरोबर गोणपाटाची पोती होती, आणि पोत्यांत जांभळट लाल दगड, प्रत्येकावर रंगानं टाकलेला आकडा. सर पोत्यांकडे बोट दाखवून म्हणाले, “वैरागडे, यांच्या स्लाइडी तुम्ही करा. म्हणजे तुमचाही कॅम्प झाला.”

मुलं हसली. मी पहिलं पोतं सोडलं.

खडकाची स्लाइड करणं हे घासण्याचं काम आहे. दगडाची चीप कापायची, एक बाजू काचेवर भुकटी टाकून गुळगुळीत घासायची आणि ती बाल्सममध्ये स्लाइडवर चिकटवायची. मग दुसरी बाजू घासत जायचं. दगड इतका पातळ व्हायला हवा की त्यातून उजेड आरपार जाईल आणि खाली ठेवलेलं वर्तमानपत्र वाचता येईल. बोटांची कातडी दगडाआधी पातळ होते. शेवटी वरून बाल्समचा थेंब टाकायचा आणि त्यावर काचेचं पातळ झाकण ठेवायचं. त्याला कव्हर स्लिप म्हणतात. मी हे काम नामदेवरावांकडून शिकले. विभागात ते काम त्यांच्याइतकं कोणालाच येत नव्हतं, सरांना तर मुळीच नाही. सर स्लाइड हातात घेत ती तयार झाल्यावर.

एका दुपारी परीक्षा तोंडावर आलेली आणि नऊ चिपा उरलेल्या. बाल्सम लवकर वितळावा म्हणून मी ज्योत मोठी केली. थेंब उकळला. घाईनं झाकण ठेवलं आणि त्याखाली हवा अडकली. नामदेवराव पडद्यावर पाणी मारून परत येत होते.

“काहून वं सुमन, भजे तळून राहिली का?”

“घाई आहे नामदेवराव.”

“बाल्समले घाई समजत नाई. पाह्य, धरला ना बुडबुडा. एक मोठा आन् त्याच्या बुडाशी त्याचं लेकरू.”

“परत काढू का?”

“काढशीन तं चीप तुटन. राहू दे. दगड दिसून राहिला ना? मंग झालं. कोन पाह्यते तुया बुडबुड्याले.”

मी स्लाइड मायक्रोस्कोपखाली ठेवली. बुडबुडा अगदी गोल होता, त्याची कड काळी आणि जाड. खालच्या अंगाला मोहरीएवढा दुसरा चिकटलेला, तांब्याला टेकलेल्या पेल्यासारखा. मी वैतागून स्लाइड थोडी सरकवली. आणि मग मला दगड दिसला.

खडकाकडे मायक्रोस्कोपमधून दोन तऱ्हांनी पाहतात. एक नुसत्या उजेडात आणि दुसरी दोन पोलरॉइड, म्हणजे उजेड गाळणाऱ्या चकत्या, एकमेकांवर आडवे लावून. आडवे लावले की खनिजांना रंग चढतात, मोरपंखी, पिवळे, करडे, आणि सगळ्यांना तेच पाहायला आवडतं. सर येत तेच पोलरॉइड लावून, आणि जात तेही तसेच ठेवून. मी नुसत्या उजेडात पाहत होते, कारण बुडबुडा किती मोठा आहे ते पाहायचं होतं. त्या फिक्या तपकिरी उजेडात बारीक बारीक वक्र रेषा दिसल्या. फुटलेल्या बुडबुड्यांच्या भिंतींचे तुकडे, कोयरीसारखे, चंद्रकोरीसारखे, एकावर एक दाबून बसलेले. मधे मधे लांबट, टोकांना फाटलेले डाग होते, एका दिशेला निजलेल्या ज्योतींसारखे. पोलरॉइड लावला की सगळं नाहीसं व्हायचं आणि साधे, कणीदार, कंटाळवाणे रंग दिसायचे. काढला की परत यायचं. मी लावत गेले, काढत गेले. पडदे वाळले होते, नामदेवराव पाणी मारायला विसरले होते, आणि मला घाम आल्याचं कळलं नाही.

तो लाव्हा नव्हता. नागपूरचा माणूस लाव्हा ओळखतो. सीताबर्डीच्या टेकडीचा काळा दगड लाव्हाचाच. तो भेगांतून निवांत वर आला, पसरला आणि थंड झाला. दरेकशाचा दगड त्याच्याहून कितीतरी जुना, दोनशे कोटी वर्षांच्याही पलीकडचा, आणि त्याचा स्वभाव निराळा. जमिनीखाली चिकट, वायूनं भरलेल्या शिलारसाची कोठी भरत जाते. वरचं छत फुगतं, तडकतं. एके दिवशी तोंड फुटतं आणि आतला रस बाहेर पडता पडताच फेस होतो, फेसाची राख होते. ती राख, वायू आणि सच्छिद्र दगडाचे गोळे मिळून एक तापलेला लोट जमिनीलगत सुटतो, आगगाडीहून वेगानं, आणि दऱ्या भरून टाकतो. थांबल्यावरही तो इतका गरम असतो की राखेतले काचेचे कण एकमेकांना चिकटतात. वरच्या थराच्या भारानं खालचे गोळे पोळपाटाखाली सापडल्यासारखे चपटे होतात. याला इग्निम्ब्राइट म्हणतात. शब्द आगीचा आणि पावसाचा मिळून बनला आहे.

इकडे कोठी रिकामी झालेली असते. छताला आधार उरत नाही आणि आख्खा डोंगर आपल्याच पोकळीत खाली बसतो. मागे राहतो तो कोसांवर पसरलेला खोलगट खड्डा. त्याला काल्डेरा म्हणतात, आणि काल्डेरा म्हणजे कढई. जगातल्या सगळ्यात मोठ्या ज्वालामुखींना नाव मिळालं ते स्वयंपाकघरातलं. दरेकशाची कढई ऊनपावसानं केव्हाच झिजून गेली आहे. राहिली आहे ती तिची खरवड.

मी हे सरांना सांगितलं. सगळ्या वर्गासमोर सांगितलं, ही माझी चूक. सरांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला, सवयीनं आधी पोलरॉइड आत सरकवला आणि विचारलं, “कुठं आहेत तुमच्या काचा?”

“सर, पोलरॉइड काढून पाहा.”

“काढायचा कशाला? हा लाव्हाचा प्रवाह आहे. वाहताना पट्टे पडतात.” ते वर्गाकडे वळले. “वैरागडेंना पापुद्रे दिसून राहिले. पापुद्रे पोळीचे असतात, बाई. ते घरी पाहायचे. दगडाचं आमच्यावर सोडा.”

पुन्हा हसणं झालं. एक मुलगा मायक्रोस्कोपपाशी येऊन “तूप आहे का वं?” असं म्हणाला. तो पुढे चांगल्या हुद्द्यावर चढला, असं ऐकते.

प्रात्यक्षिक परीक्षेत माझ्यापुढे ओळखायला नेमकी तीच स्लाइड आली. बुडबुड्यावरून मी ती लगेच ओळखली. सरांना हवं असलेलं उत्तर मला पाठ होतं, दोन शब्दांचं. मी अर्धं पान लिहिलं: हा प्रवाह नाही, ही गरम असतानाच सांधली गेलेली राख आहे, कारणं अशी. बाहेरून आलेले परीक्षक पान वाचत होते. सरांनी ते त्यांच्या हातातून अलगद काढून घेतलं आणि लाल पेन्सिलीनं त्यावर तिरकी रेघ मारली. रेघ वरच्या डाव्या कोपऱ्यातून खालच्या उजव्या कोपऱ्यात गेली. ती अजून मला दिसते.

त्या उत्तरानं माझा पहिला वर्ग गेला. संशोधनाला नाव नोंदवायला पहिला वर्ग लागत असे. हातातला दगड खाली ठेवायला मला एवढंच पुरलं. स्लाइड विभागाच्या लाकडी पेटीत राहिली.

मी एसटीनं उमरेडला परत गेले. बाबा मागावर बसायचे. त्यांना पहिला वर्ग, दुसरा वर्ग यातलं काही कळत नव्हतं, पण माझं तोंड कळत होतं. त्याच महिन्यात गावच्या बाजारात एका दुकानदारानं आमच्या घरचं लुगडं दुसऱ्याच्या हातचं म्हणून मांडलं होतं. बाबांनी घडी उलटली, काठाजवळ बोट ठेवलं आणि म्हणाले, “हे माया हातचं हाय.”

घरी येताना मी विचारलं, “बाबा, कसं ओळखलं?”

“थ्या ठिकानी धागा चुकला होता माया. दोन धागे फनीच्या एका घरात गेले. चांगलं इनलेलं कोनाचंबी असू शकते, वं. चूक ज्याची त्याचीच असते. चोरनाऱ्याले तं ते चूक हाय हेच माहीत नसते.”

मी ते ऐकलं आणि विसरले, असं मला वाटलं.

वर्तमानपत्रात लागले तेव्हा वृत्तसंपादकांनी पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवली. खरं काय ते तुला माहीत असेल नसेल, कोण काय म्हणालं ते मात्र माहीत असलंच पाहिजे. वाक्य ज्याचं, त्याच्या तोंडी द्यायचं. ‘असे ते म्हणाले’ हे तीन शब्द ओळीच्या शेवटी घालायचे, म्हणजे ओळीचा भार आपल्यावर राहत नाही. आणखी एक नियम हळूहळू कळला. उपसंपादकाचं नाव कुठेच छापून येत नाही. दगडात आलं नाही, कागदावरही येणार नव्हतं.

तिसऱ्या उन्हाळ्यात, दुपारच्या पाळीत, टेबलावर एक जाड पाकीट आलं. बातमी इंग्रजीत होती. दरेकशाच्या डोंगरात एका प्राचीन महाज्वालामुखीची खूण सापडली होती. खडक लाव्हाचा नसून सांधलेल्या राखेचा असल्याचं सरांनी सिद्ध केलं होतं. संशोधन परदेशी नियतकालिकात स्वीकारलं गेलं होतं. कारणं माझ्याच क्रमानं दिली होती, अर्ध्या पानावर जशी लिहिली होती तशी. सोबत मायक्रोस्कोपमधून घेतलेला फोटो होता.

फोटोत, उजवीकडे वर, एक गोल. काळी जाड कड. बुडाशी त्याचं लेकरू.

फोटोखाली लिहिलं होतं: ‘खडक सांधला गेल्यानंतर सुटलेल्या वायूची पोकळी.’ बातमीतले दोन परिच्छेद या पोकळीवर होते. तिच्या गोलाईवरून, राखेच्या थरात वायू किती काळ कोंडून राहिला असेल, याचं गणित सरांनी मांडलं होतं. हा या संशोधनाचा सर्वांत मौलिक भाग आहे, असं पत्रकात म्हटलं होतं.

मी फोटो उजेडात धरला. कूलर सुरू होता. वाळा ओला होता. मला आधी वाचता आलं नाही, मग एकदम सगळं वाचता आलं. खडक सरांनी माझ्याकडून घेतला होता. कारणं माझ्याकडून घेतली होती. त्या सगळ्यात त्यांनी स्वतःची म्हणून जी एकच गोष्ट घातली होती, ती बुडबुडा होती.

वृत्तसंपादकांनी मान वर केली. “वैरागडे, तुम्ही भूगर्भवाल्या ना? हे बरोबर आहे का?”

“खडक बरोबर आहे.”

“आणि हे गोल गोल?”

“ते त्यांचं म्हणणं आहे.”

“मग त्यांच्या तोंडी द्या.”

मी दिलं. ‘ही पोकळी म्हणजे वायू सुटल्याचा निर्विवाद पुरावा आहे, असे ते म्हणाले.’ इग्निम्ब्राइटला मराठी शब्द नव्हता, तो मी केला: अग्निवर्षी खडक. फोटो एका स्तंभाचा ठरला होता. मी भांडून दोन स्तंभांचा करून घेतला, बुडबुडा नीट दिसावा म्हणून.

तेव्हाच बोलायला हवं होतं, असं मला नंतर काहींनी सांगितलं. माझ्याकडे काय होतं? एक बुडबुडा आणि एक परिचर. सरांनी पुन्हा पोळीचा दाखला दिला असता आणि सभा पुन्हा हसली असती. कच्च्या आंब्यानं दात आंबतात. मी तो पिकायला गवतात घालून ठेवला.

त्यानंतर सरांचं व्याख्यान असो, सत्कार असो, परदेशी पाहुणा असो, ती बातमी मी मागून घेत असे. दरवेळी तो फोटो शोधून लावत असे. बुडबुडा शाळेच्या विज्ञानमेळाव्यात गेला, एका स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर गेला. सरांनी त्यावर दुसरा निबंध लिहिला आणि मग तिसरा. एकदा त्यांनी कचेरीत फोन केला. वृत्तसंपादकांनी निरोप सांगितला, “तुमचे सर खूश आहेत. म्हणाले, विज्ञानाची एवढी कदर करणारा तुमच्याकडे कोण आहे, त्यांना माझे आभार सांगा.” मी आभार घेतले. कोठी भरू द्यायची असेल तर छत पक्कं लागतं.

मधल्या काळात एका रेल्वेच्या कामाच्या बातमीसाठी मला दरेकशाला जायला मिळालं. काम दुपारपर्यंत आटोपलं. मी रुळालगतच्या कातळापर्यंत चालत गेले. पळस फुलून गळून गेले होते, मोहाची फुलं जमिनीवर सुकत होती आणि त्यांचा आंबूस गोड वास उन्हात उभा होता. माझ्या नावे झालेल्या कॅम्पचा हा पहिला दिवस. पाण्याच्या बाटलीतलं पाणी दगडावर ओतलं. ओला होताच जांभळा रंग उमलला आणि त्या चपट्या ज्योती दिसल्या, नुसत्या डोळ्यांनी, बोटाएवढ्या, सगळ्या एका दिशेला निजलेल्या. मोहफुलं वेचणारी एक म्हातारी टोपली टेकवून पाहत उभी राहिली.

“काय पाहून राहिली वं बाई? सोनं निंगते का?”

“नाही आजी. राख आहे ही.”

“राख? राख तं माया चुलीत ढीगभर हाय. त्याच्यासाठी नागपुरातून आली का?”

मी हो म्हणाले. खोटं नव्हतं ते. मी कातळाला तळहात लावला. ऊन प्यायलेला दगड इतका गरम होता की हात ठेवता येईना. इग्निम्ब्राइटचा जाड थर आत वर्षानुवर्षं गरम राहतो, असं शिकवतात. वरून थंड झालेला दिसतो, पावसानं धुतला जातो, त्यावर गवतही येतं. आत खोदलं तर वाफ निघते. हे वाचताना कुणाला रूपक वाटलं तर वाटो. मी तापमानाची नोंद करते आहे.

गेल्या उन्हाळ्यात सर निवृत्त झाले. निरोपाचं व्याख्यान सकाळी दहाला होतं. सभागृहाच्या दारांना वाळ्याचे पडदे लावले होते. ते पाहून मी थोडा वेळ बाहेरच थांबले. बाहेर टेबलावर मायक्रोस्कोप मांडलेला, त्याखाली ती स्लाइड आणि शेजारी सुवाच्य अक्षरात सूचना: ‘ऐतिहासिक स्लाइड. हात लावू नये.’ मला त्या काचेला हात लावायचीही परवानगी नव्हती.

आत शेवटच्या ओळीत नामदेवराव बसले होते. केव्हाच निवृत्त झालेले, केस पांढरे, पांढरं धोतर, हातात निमंत्रणपत्रिका. मला पाहून सरकले. “ये वं. अजून भजे तळते का?”

पडद्यावर फोटो आला. भिंतीएवढा. बुडबुडा बैलगाडीच्या चाकाएवढा झाला होता. नामदेवरावांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. माझ्याकडे पाहिलं. मी होकाराची मान हलवली.

प्रश्नांची वेळ आली तेव्हा मी उभी राहिले आणि वर्तमानपत्राचं नाव सांगितलं. सर हसले. त्यांनी मला ओळखलं नाही.

“सर, या खडकातलं सगळं दाबून चपटं झालं आहे. ही एकच गोष्ट गोल आहे. असं का?”

“फार चांगला प्रश्न. प्रेसवाल्यांनी असे प्रश्न विचारावेत.” त्यांनी पाच मिनिटं उत्तर दिलं. वायू, दाब, काळ. मी सगळं उतरून घेतलं.

“आणखी एक. ही स्लाइड कोणी तयार केली?”

“मी. स्वतःच्या हातानं. त्या काळी आम्ही सगळं स्वतःच करायचो, बाई.”

मी ते वाक्य लिहिलं, अवतरणचिन्हं घातली आणि वही मिटली. ‘असे ते म्हणाले’ लिहायची गरज नव्हती, सभागृह भरलेलं होतं.

नामदेवराव उठून उभे राहिले. ते असं करतील, हे ठरलेलं नव्हतं. मी फक्त त्यांच्या शेजारी बसले होते.

“सर, मी नामदेव, आपल्या लॅबमधला. माफ करजा, पन तो बुडबुडा हाय जी.”

“काय?”

“बाल्समचा बुडबुडा. ह्या पोरीनं दिवा जास्त केला होता. मायासमोरच झाला. खोटं वाटत असन तं बाहेर दुर्बीन मांडलीच हाय. चाक थोडंसं फिरवून पाहा. दगड पुसट झाला आन् हा साफ दिसला, तं हा दगडात नाई. वरच्या बाल्समात हाय.”

कुणी हसलं नाही. पुण्याहून आलेले प्रमुख पाहुणे, स्वतः भूगर्भशास्त्रज्ञ, खुर्चीवरून उठले. ते पडदा बाजूला करून बाहेर गेले आणि मागोमाग पहिली ओळ गेली. पाहुणे मायक्रोस्कोपवर वाकले. चाक थोडं पुढे केलं, थोडं मागे केलं. पोलरॉइड आत होता तो बाहेर काढला. बराच वेळ पाहिलं. मग सरळ होऊन हलक्या आवाजात म्हणाले, “खडक इग्निम्ब्राइटच आहे. सुरेख आहे. हा मात्र बुडबुडा आहे.”

सर दाराच्या चौकटीत उभे होते. ओल्या वाळ्याचे थेंब त्यांच्या कोटाच्या खांद्यावर पडत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि या वेळी ओळखलं.

“वैरागडे. तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं.”

“आधी सांगितलं होतं, सर.”

फाटकापाशी नामदेवराव रिक्षाची वाट पाहत थांबले. त्यांना हसू आवरत नव्हतं. “पंधरा वर्सं ठेवला का वं मनात? खरं हाय. तुया तं आडनावातच वैर हाय.”

बातमी मी बारा ओळींची केली. विशेषण एकही नाही. व्याख्यान झालं, एका निवृत्त परिचरानं हरकत घेतली, प्रमुख पाहुण्यांनी तपासणी केली, गोल पोकळी हा स्लाइड तयार करताना अडकलेला हवेचा बुडबुडा असल्याचं त्यांनी सांगितलं. शेवटची ओळ: ‘“ही स्लाइड मी स्वतःच्या हातानं तयार केली,” असे त्यांनी तत्पूर्वी एका प्रश्नाच्या उत्तरात सांगितले.’ फोटो दोन स्तंभांचा.

मला वाईट वाटलं का, असं विचारणारे भेटतात. वाटलं नाही. त्यांच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या निबंधाखाली आता काही उरलं नव्हतं. छत खाली येणारच होतं. मी कुठेही खोटं लिहिलं नाही, आणि एक शब्द वाढवला नाही.

तिसऱ्या दिवशी सरांचा खुलासा आला. मी त्याचीच वाट पाहत होते. वर्तमानपत्रात खुलासा शब्दशः छापतात. मजकूर त्यांच्या अक्षरात होता:

‘आपल्या अंकातील वृत्तामुळे माझ्याविषयी गैरसमज पसरत आहे. सदर स्लाइड मी तयार केलेली नसून, ती माझी तत्कालीन विद्यार्थिनी कु. सुमन वैरागडे हिने तयार केली होती. त्या खडकाचे प्रथम निरीक्षणही तिनेच केले होते व त्याआधारे पुढील काम झाले. तरी बुडबुड्याची चूक ही सर्वस्वी तिची आहे, माझी नव्हे.’

वृत्तसंपादकांनी तो दोनदा वाचला. मग माझ्याकडे पाहिलं, मग परत कागदाकडे. “चूक तुमच्यावर ढकलली आहे त्यांनी. खाली आपली टीप टाकायची?”

“नको. चूक माझीच आहे. ज्योत मीच मोठी केली होती.”

खुलासा चार वाजता जुळणीला गेला. पाचला त्याचं प्रूफ टेबलावर आलं, शाई अजून ओली. माझं नाव मी छापील अक्षरात पहिल्यांदा पाहत होते. जुळाऱ्याच्या हातून ‘वरागडे’ झालं होतं. बाकी मजकूर बिनचूक होता.

मी लाल पेन उघडलं, ‘व’वर दोन मात्रा दिल्या आणि प्रूफ परत पाठवलं.